तुमच्या फॉर्मवर ती अजून ‘यशस्वी’ आहे

मूत्रविकार आणि प्रजननविकारांवर चाचण्या आखणाऱ्या सर्व संशोधकांस,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं मी तुमच्यासारख्यांच्या चाचण्यांमध्ये समन्वयक म्हणून काम केलं. संमतीपत्र वाचून दाखवायचं, तपासणीच्या तारखा लावायच्या, बाटल्यांवर लेबलं चिकटवायची, न फिरकलेल्यांना फोन करायचा आणि फॉर्म भरायचे, हे माझं काम. शोधनिबंधाच्या शेवटी बारीक टायपात ज्या ‘सहकारी कर्मचाऱ्यांचे’ आभार मानलेले असतात, त्यांतली मी एक. तुम्ही आकडे बघता, मी आकडे घेऊन येणारी माणसं बघितली. एवढ्याच अधिकारावर हे पत्र लिहिते आहे.

निमित्त एका फोनचं आहे. आयव्हीएफच्या उपचारांत गर्भ सोडण्यापूर्वी एक जास्तीची प्रक्रिया केली तर फायदा होतो का, अशी ती चाचणी होती. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, यशाची व्याख्या ठरलेली होती: सातव्या आठवड्यात सोनोग्राफीवर गर्भपिशवी दिसली की यश. चाचणीतल्या एका बाईंची सोनोग्राफी झाली, पिशवी दिसली, मी चौकोनात खूण केली. त्यांनी सोनोग्राफीचा तो करडा कागद दोनदा घडी करून पर्समध्ये ठेवला, मग घडी पडेल म्हणून परत काढून सरळ केला आणि फाईलमध्ये घातला. चार आठवड्यांनी त्यांचा फोन आला. आवाज अगदी सपाट. “मॅडम, गेलं. तुमच्या कागदावर कुठे लिहायचं असेल तर लिहून ठेवा.”

मी फॉर्म उघडला. लिहायला जागा नव्हती. म्हणजे अगदीच नव्हती असं नाही. दुष्परिणामांचा वेगळा तक्ता होता, त्यात मी तारीख घातली, ‘प्रक्रियेशी संबंध नाही’ असं मुख्य डॉक्टरांनी लिहिलं, सही झाली. पण ज्या तक्त्यावरून निकाल लागायचा, त्यात त्या बाईंच्या नावापुढची खूण तशीच राहिली. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की मुख्य निष्पत्तीची, म्हणजे ज्यावरून यश ठरतं त्या गोष्टीची, नोंद आधीच झालेली आहे, आता तिला हात लावता येत नाही. नियमाने ते बरोबरच होतं, निकाल हातात आल्यावर व्याख्या बदलायची नसते. चूक त्याच्या फार आधी, कुणीतरी टेबलाशी बसून व्याख्या लिहिली तेव्हाच झालेली होती. त्या बाई अजूनही तुमच्या फॉर्मवर यशस्वी आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं पत्र त्याचाच विस्तार आहे: माणूस ज्यासाठी तुमच्या दारात आला, ते मोजा.

मूल हवं म्हणून आलेल्या जोडप्याच्या बाबतीत हे किती सरळ असायला हवं! पण शुक्रजंतूंची संख्या मोजली जाते, त्यांची हालचाल मोजली जाते, डीएनएची मोडतोड मोजली जाते, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी, बीजांडांची संख्या, गर्भाची प्रत, सगळं मोजलं जातं. मूल घरी आलं का, हे मोजायची वेळ आली की अभ्यासाची मुदत संपलेली असते.

वीर्यतपासणीच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तो आकडा कसा तयार होतो ते मी जवळून पाहिलंय. किमान दोन, जास्तीत जास्त सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा. तो अर्ध्या ते एका तासात पातळ होतो. मग तंत्रज्ञ चौकटी आखलेल्या काचेवर थेंब सोडून सूक्ष्मदर्शकातून मोजायला बसतो. एका वेळी निदान दोनशे, आणि तेही दोन वेगवेगळ्या भागांत, दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. हातातल्या यंत्राची कट्‌कट् चालू असते. नीट केलं तर कंटाळवाणं आणि वेळखाऊ काम. घाई असली की दोनशेचे पन्नास होतात आणि रिपोर्टवर मात्र आकडा तितक्याच ठामपणे छापला जातो. एकाच पुरुषाचे, एकाच महिन्यातले दोन नमुने दुप्पट-तिप्पट फरकाने आलेले मी कितीदा तरी पाहिले आहेत.

आता यातली गंमत बघा. गंमत कसली, फजितीच ती. चाचणीत कोण येतं? ज्यांचा आकडा त्या दिवशी कमी आला ते. अशा माणसांना तीन महिने काहीही द्या, अगदी साखरेची गोळी द्या. दुसऱ्या वेळी त्यांचा सरासरी आकडा वरच येणार, कारण पहिल्यांदा निवडच खाली आलेल्या दिवसाची केली होती. तीन महिनेही कसे सोयीचे! शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे ‘औषधाला पुरेसा वेळ दिला’ हेही शास्त्रशुद्ध वाटतं. तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासात म्हणूनच प्रत्येक औषध लागू पडतं. असे किती अभ्यास छापून येतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

शिवाय ज्या रेषेखाली ‘कमी’ म्हणायचं, ती रेषा तरी काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत १९९९ साली ती एका मिलिलिटरमागे २ कोटी होती, २०१० साली दीड कोटी झाली, २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत १ कोटी ६० लाख. शेवटच्या दोन आवृत्त्यांमधली रेषा ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांच्या आकड्यांवरून काढलेली आहे, त्यांतले सर्वांत खालचे पाच टक्के जिथे संपतात ती जागा. म्हणजे या रेषेखालचे पाच टक्केही बापच झालेले आहेत! १ कोटी ८० लाखांचा रिपोर्ट घेऊन १९९९ नंतर जो माणूस खाली मान घालून घरी गेला असेल, तो २०१० मध्ये कागदोपत्री ठणठणीत झाला. त्याला कुणी कळवलं का, कुणास ठाऊक. ही रेषा म्हणजे मूल होणं आणि न होणं यांतली सीमा नव्हे, हे पुस्तिकेतच स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी चाचणीच्या प्रोटोकॉलमध्ये ती सीमा म्हणूनच येते.

याच आकड्याच्या जिवावर झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वर्षानुवर्षं लिहून दिल्या गेल्या. मग अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २३७० जोडप्यांना घेऊन चाचणी केली आणि शुक्रजंतूंसोबत जिवंत जन्मही मोजले. २०२० मध्ये निकाल आला: गोळ्या घेतलेल्या गटात ३४ टक्के, न घेतलेल्यांत ३५ टक्के. शुक्रजंतूंची संख्या, हालचाल यांतही फरक नाही. उलट गोळ्या घेणाऱ्यांत डीएनएची मोडतोड थोडी जास्त आणि पोटाच्या तक्रारीही जास्त. त्याच वर्षी जीवनसत्त्वं आणि इतर अँटिऑक्सिडंटच्या एकत्रित गोळीचा, लहानसा पण नीट केलेला अभ्यास आला, त्यातही हाती काही लागलं नाही. मी ज्या पुरुषांना अशा गोळ्यांची पाकिटं मोजून दिली, रिकामी पाकिटं परत आणली का म्हणून ज्यांना टोकलं, त्यांचे चेहरे मला तो निकाल वाचताना आठवत होते.

गर्भाशयाच्या अस्तराला मुद्दाम ओरखडा काढायचा प्रकारही तसाच. छोट्या छोट्या अभ्यासांवरून असं वाटायला लागलं की ओरखड्यामुळे गर्भ अधिक चांगला रुजतो, आणि बघता बघता तो नेहमीच्या उपचारांचा भाग झाला. बायका तो सहन करत राहिल्या, दुखतं ते. २०१९ मध्ये १३६४ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. यशाची व्याख्या: जिवंत जन्म. ओरखडा काढलेल्यांत २६.१ टक्के, न काढलेल्यांत २६.१ टक्के. दशांशापर्यंत सारखं! एखाद्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर फार क्वचित मिळतं, आणि ते मिळालं कारण कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता.

योग्य प्रश्न विचारला की नेहमी ‘नाही’ असंच उत्तर येतं असंही नाही. पीसीओएस (बीजांड वेळेवर न फुटण्याचा संप्रेरकांचा विकार) असलेल्या ७५० स्त्रियांमध्ये लेट्रोझोल आणि क्लोमिफिन या बीजांड फुटण्यासाठीच्या दोन गोळ्यांची तुलना झाली, २०१४ साली. तिथेही मोजले ते जिवंत जन्मच. लेट्रोझोलच्या गटात २७.५ टक्के, क्लोमिफिनच्या गटात १९.१. त्या एका निकालाने उपचाराची पहिली गोळी बदलली. बीजांड फुटलं की नाही एवढंच बघून थांबले असते, तर या निकालाला हे वजन कधीच आलं नसतं.

तुमची अडचण मला कळत नाही असं समजू नका. मी हिशेब पाहिलेले आहेत. शुक्रजंतूंच्या संख्येतला फरक दाखवायला काही डझन माणसं पुरतात. जिवंत जन्माचं प्रमाण ३४ वरून ४० टक्क्यांवर गेलं, हे खात्रीने सांगायचं तर प्रत्येक गटात हजारभर जोडपी लागतात. वर नऊ महिने थांबायचं, पत्नीचीही वेगळी संमती घ्यायची, गाव बदललेल्यांना शोधत बसायचं. एका डॉक्टरांनी मला चहाच्या वेळी सरळ सांगितलं होतं, “इतकं करत बसलो तर माझी बढती पुढच्या जन्मी.” माणूस प्रांजळ होता, त्यामुळे राग आला नाही. पण हजार जोडपी एका जागी मिळत नाहीत म्हणून वीस ठिकाणी पन्नास-पन्नास जोडप्यांचे वीस वेगळे अभ्यास करायचे, प्रत्येकाची व्याख्या वेगळी, कुणाचं सातव्या आठवड्याला यश, कुणाचं नुसत्या रक्ततपासणीला, हा त्यावरचा उपाय कसा होतो? वीस ठिकाणांनी मिळून एकच का करू नये? कोणत्या गोष्टी मोजायच्याच, याची एकत्रित यादी २०२० साली प्रसिद्धसुद्धा झालेली आहे. ती करताना डॉक्टरांबरोबर मूल होण्यासाठी उपचार घेतलेली माणसंही बसली होती. त्या यादीत जिवंत जन्म आहे, गर्भपात आहे, जन्मतःच्या वजनाचीही नोंद आहे. म्हणजे त्या बाईंचा रकाना आहे तिथे. वापरायचा तेवढा बाकी आहे.

आता लघवीकडे येते. या विषयावर बोलायची लाज रुग्णांना वाटते, हे मी समजू शकते. प्रश्नावली बनवणाऱ्यांनाही वाटत असावी, अशी शंका मला कधी कधी येते.

प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना जी प्रश्नावली दिली जाते, तिच्यात सात प्रश्न असतात. धार बारीक आहे का, अडखळते का, पूर्ण झाली नाही असं वाटतं का, रात्री किती वेळा उठावं लागतं, वगैरे. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. ही प्रश्नावली चांगली आहे, तिची टिंगल करायची नाही मला. एक निवृत्त गृहस्थ माझ्यासमोर बसून ती भरत होते. सात प्रश्नांवर त्यांनी भराभर खुणा केल्या. मग आठवा प्रश्न आला: आता जशी लघवी होते तशीच उरलेल्या आयुष्यात होत राहिली, तर तुम्हाला कसं वाटेल? त्यांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी नाटकाला जायचं सोडलंय. रांगेच्या मध्ये बसलं तर सगळ्यांना उठवावं लागतं.” मी त्यांना खुणेचा चौकोन दाखवला. त्यांनी ‘बहुतेक असमाधानी’वर खूण केली.

आठव्या प्रश्नाचे गुण बेरजेत धरत नाहीत. त्या गृहस्थांचे गुण १३ आले: मध्यम.

या बेरजेचाही स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच. नुसतं लक्ष दिलं, विचारपूस केली, तरी ती खाली येते. सॉ पाल्मेटो नावाच्या वनस्पतीचा अर्क प्रोस्टेटसाठी जगभर खपतो. अमेरिकेतल्या एका चाचणीत ३६९ पुरुषांमध्ये ७२ आठवडे त्याची बिनऔषधी गोळीशी तुलना झाली, मात्रा टप्प्याटप्प्याने तिप्पट केली. २०११ चा निकाल: अर्क घेतलेल्यांचे गुण सरासरी २.२ ने उतरले, बिनऔषधी गोळी घेतलेल्यांचे जवळपास ३ ने. औषध न घेणारेच काकणभर सरस! तुलनेचा गट नसता, तर ‘गुणांत लक्षणीय सुधारणा’ एवढंच वाक्य छापलं गेलं असतं. जुनाट प्रोस्टेटदुखीवर अल्फुझोसिन या औषधाचं तसंच झालं. लहान अभ्यासांनी आशा दाखवली होती, २७२ पुरुषांच्या चाचणीत दोन्ही गटांत बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण ४९.३ टक्के. २००८ ची गोष्ट.

आणि मुतखडा. मूत्रनलिकेत अडकलेला खडा टॅम्सुलोसिनने लवकर पडतो, असं लहान अभ्यासांची गोळाबेरीज करून सांगितलं जात होतं, गोळी सर्रास दिली जात होती. ब्रिटनमध्ये २४ रुग्णालयांनी मिळून अकराशेहून जास्त रुग्णांवर चाचणी केली. त्यांनी यश कशाला म्हटलं ते पाहा: चार आठवड्यांत आणखी कुठल्या उपचाराची गरज पडली नाही, त्याला. स्कॅनमध्ये खडा दिसतो की नाही, यावर ते अडून बसले नाहीत. कळा मारत वेटिंग रूममध्ये वाकून बसलेल्या माणसाला स्कॅनचं काय सोयरसुतक! त्याला विचारायचं असतं की ऑपरेशन टळेल का. २०१५ मध्ये उत्तर मिळालं: टॅम्सुलोसिन ८१ टक्के, दुसरं औषध ८०, बिनऔषधी गोळी ८०. मोठ्या खड्यांबाबत वाद अजून मिटलेला नाही, तो तुमचा तुम्ही मिटवा. पण हा अभ्यास माझ्या मते नमुन्यादाखल ठेवावा असा आहे.

उपचारांबद्दल इतकं लिहिलं, पण निदानावरच्या संशोधनात हीच चूक अधिक शांतपणे होते. तिथे तिचा गाजावाजा होत नाही, कारण चुकलेलं निदान घरी जाऊन गप्प बसतं.

लघवीच्या कल्चरचंच, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून मोजण्याच्या तपासणीचंच, घ्या. एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू वाढले तर संसर्ग, ही रेषा १९५० च्या दशकात एडवर्ड कास यांच्या कामातून आली. मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचलेल्या आणि काहीच त्रास नसलेल्या स्त्रियांची तुलना करून ती काढलेली होती. तेवढ्यापुरती ती बरोबरच होती. पण ती सगळ्यांना लावली गेली. आग होते, दर पंधरा मिनिटांनी जावं लागतं, अशी तक्रार घेऊन आलेल्या तरुण मुली पन्नास हजार आकड्यावर ‘निगेटिव्ह’ ठरून परत गेल्या. १९८२ मध्ये वॉल्टर स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लक्षणं असलेल्या स्त्रीमध्ये शंभर जंतूंनाही अर्थ असू शकतो. शंभर आणि एक लाख! पण पुढेही कित्येक चाचण्यांत प्रवेशाची अट एक लाखाचीच राहिली. म्हणजे ज्यांना त्रास आहे पण आकडा नाही, त्या बायका क्लिनिकमधून तर वगळल्या गेल्याच, संशोधनातूनही गेल्या. त्यांच्यावर कोणतं औषध चालतं याचा पुरावा मग कुठून येणार?

प्रवेशाची अट हीच रोगाची व्याख्या होऊन बसते, याचं याहून वाईट उदाहरण म्हणजे मूत्राशयाच्या जुनाट वेदनेचा आजार. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत संशोधनापुरते निकष ठरवले गेले. सगळ्या अभ्यासांतले रुग्ण एकसारखे असावेत, इतकाच हेतू होता. डॉक्टरांनी ते निकष निदानासाठीच वापरायला सुरुवात केली. पुढे तपासलं तेव्हा आढळलं की अनुभवी डॉक्टरांना ज्यांच्याबद्दल खात्री होती, अशांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण त्या निकषांत बसतच नव्हते. ‘तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य किती जणींनी ऐकलं असेल! माझ्या टेबलासमोर बसून रडलेल्या दोघी अजून आठवतात. त्यांना अपात्र ठरवणारा फॉर्म मीच भरला होता.

पीएसएची, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीच्या रक्ततपासणीची, गोष्ट तुम्हाला पाठ असेल. चारच्या वर आकडा आला की बायोप्सी, खाली असला की जा घरी. खालच्यांची बायोप्सी कुणी करतच नव्हतं, त्यामुळे खाली असणं म्हणजे ठीक असणं, असा समज आपोआप पक्का होत गेला. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, पीएसए कधीच चारच्या वर न गेलेल्या आणि बोटाने तपासून काही न सापडलेल्या २९५० पुरुषांचीही शेवटी बायोप्सी झाली. १५ टक्क्यांहून थोड्या जास्त जणांत कर्करोग सापडला. हे २००४ साली कळलं, तपासणी सुरू होऊन बरीच वर्षं लोटल्यावर. तपासणी किती चांगली हे ठरवायचं तर ज्यांना तिने सोडून दिलं, त्यांच्याही मागे जावं लागतं. ब्रिटनमध्ये २०१७ साली एमआरआयची पारख करताना ते केलं गेलं. ५७६ पुरुष, प्रत्येकाची एमआरआय, नेहमीची बायोप्सी आणि वर दर पाच मिलिमीटरला सुई घालून केलेली सखोल बायोप्सी, कुणालाही सूट नाही. गंभीर कर्करोगांपैकी ९३ टक्के एमआरआयला दिसले, नेहमीच्या बायोप्सीला फक्त ४८ टक्के. त्या ५७६ जणांनी काय सोसलं असेल याचा विचार मनात येतो. पण निदान त्यांच्या सोसण्यातून उत्तर तरी मिळालं.

आणि सापडलेल्या कर्करोगाचं पुढे काय? तिथेही एका चाचणीने माणसांना नीट विचारलं. १६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटणी केली: शस्त्रक्रिया, किरणोपचार, नुसती देखरेख. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेलेले तीन टक्क्यांहून कमी, आणि गटागटांत म्हणावा असा फरक नाही. पण मला त्या चाचणीतलं वेगळंच पान महत्त्वाचं वाटतं. त्यांनी विचारलं होतं की तुम्ही पॅड वापरता का. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष वापरत होते, सहा वर्षांनीही १७ टक्के. अंतर्वस्त्रात पॅड घालून कामावर जावं लागणं ही गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. विचारावी लागते, आणि विचारण्यासाठी आधी प्रोटोकॉलमध्ये लिहावी लागते.

न विचारल्याने काय होतं ते, खाली सरकलेलं गर्भाशय किंवा मूत्राशय सावरायला योनिमार्गातून बसवलेल्या जाळीने दाखवून दिलं. खाली सरकलेला अवयव जागेवर आला का, हे मोजलं गेलं. दुखतं का, शरीरसंबंध जमतो का, जाळी रुतली तर ती काढता येते का, हे बराच काळ दुय्यम राहिलं. बायका सांगत होत्या. अखेर २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा जाळ्यांची विक्री थांबवायला सांगितली. २०२० मध्ये ज्युलिया कम्बरलेज यांच्या समितीने ब्रिटनमधल्या शेकडो पीडितांशी बोलून अहवाल दिला, त्याचं मुख्य सूत्रच ‘त्यांचं कुणी ऐकलं नाही’ हे होतं.

इथे एक जुनी गोष्ट काढते. गर्भपात टाळण्यासाठी म्हणून डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे १९३८ साली तयार झालेलं संप्रेरक लाखो गर्भवतींना दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागोत सोळाशेहून अधिक स्त्रियांवर केलेल्या चाचणीत स्पष्ट दिसलं की त्याचा काही उपयोग होत नाही. तरी ते पुढे जवळपास वीस वर्षं लिहून दिलं जात होतं. १९७१ साली बोस्टनमध्ये योनीच्या अत्यंत दुर्मीळ कर्करोगाच्या आठ रुग्णांचा अभ्यास झाला, बहुतेक जणी कोवळ्या वयाच्या. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी ते औषध घेतलेलं होतं. मुलींच्या आजाराचा आणि आईच्या गोळीचा संबंध असेल असं एका मुलीच्या आईनेच प्रथम विचारलं होतं, असं म्हणतात. निरुपयोगी ठरलेल्या निकालाकडे काणाडोळा झाला की किंमत कोण मोजतं, हे या गोष्टीत दिसतं. तुमच्या कपाटात ‘फरक आढळला नाही’ म्हणून पडून राहिलेले निकाल असतील, तर ते बाहेर काढा. मी स्वतः भरलेल्या फॉर्मांपैकी दोन चाचण्यांचं पुढे काय झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मागण्या माझ्या फार नाहीत. मूल होण्याशी संबंधित चाचणी असेल तर जन्मापर्यंत मागे राहा. ते अगदीच शक्य नसेल, तर निकालात ‘यश’ हा शब्द वापरू नका, ‘गर्भपिशवी दिसली’ असंच लिहा. चाचणी पुरुषाच्या औषधाची असली तरी पत्नीचं वय, तिच्या तपासण्या आणि तिची संमती पहिल्या दिवशी घ्या. मूल न होण्यामागे जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. अभ्यास मात्र दोघांना कधी एकत्र बसवत नाही, नळ्या आणि सुया बहुतेक तिच्याच वाट्याला येतात. लघवीच्या चाचण्यांत तो आठवा प्रश्न वेगळा छापा, बेरजेखाली गाडू नका. आणि प्रोटोकॉल पक्का होण्याआधी तो आजार असलेल्या चार माणसांना खोलीत बसवून विचारा की तुम्हाला काय बदललेलं हवंय. चौघं पुरे. तासाभराचं काम आहे. मी अकरा वर्षांत हे एकदाच होताना पाहिलं, आणि त्या तासात मुख्य निष्पत्ती बदलली.

आणखी एक. चाचणीत भाग घेतलेल्यांना तिचा निकाल कळवण्याची तरतूद वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात आहे, तुम्ही सगळे त्याचा हवाला देता. पत्र मात्र मी कुणाला पाठवल्याचं आठवत नाही. तसं पत्र लिहायची वेळ आली, तर मसुदा मी करून देईन, फुकट. नाटक सोडलेल्या त्या गृहस्थांना तर मला स्वतःच कळवायचं आहे की आमच्या चाचणीतल्या ज्या गोळीचे दिवस त्यांनी इमानाने मोजले, तिचं काय ठरलं.

त्या बाईंची फाईल अजून नियमाप्रमाणे कपाटात असेल. निकाल छापून झाला आहे, दुरुस्ती निघणार नाही हे मला माहीत आहे. पण त्याच प्रक्रियेची पुढची चाचणी आखली जाते आहे असं ऐकते. तिच्या मसुद्यात निष्पत्तीचं पान बहुधा सातवं असेल. सही करण्याआधी ते एकदा उघडून बघाल का?

आपली,
फॉर्म भरणारी एक माजी समन्वयक